माळ आणि केसपेपर

आमच्या ह्यांनी जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावला नाय. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो तो उलटंच सांगत आला, आणि थोडे दिवस मीपण त्यांच्यातलीच झाले. ती लाज माझी हाय, ती मी कुणावर ढकलत नाय. बाकीच्यांची लाज मात्र ज्याची त्याला परत करणार हाय.

मी काशी. माहेर शहापूरचं, सासर मुरबाडकडं, वैशाखऱ्याच्या अलीकडं, मोठा रस्ता सोडून आत. ह्यांचं नाव मी तोंडानं घेत नव्हते, आमच्यात बायका घेत नाय. घरची भातशेती, दोन बैल, एक म्हैस, आणि गावच्या भजनी मंडळात ह्यांचा पखवाज. बाराव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ पडली. मंडळाच्या काळूराम बुवांच्या बापानं ती घातलेली. तेव्हापासून मच्छी नाय, मटण नाय. आळीत कुणी सुकट भाजायला घेतली की अख्ख्या आळीला भूक लागते, आणि आमचे हे उठून बैलांना पाणी दाखवायला जातात. लग्न झाल्यावर मी एकदा वैतागून बोलले होते, "काय नवरा पदरात पडला, बोंबलाची चव नाय ठाऊक!" तर नुसते हसले. भांडायला पण धड उपयोग नाय, असा माणूस.

दोन हजार तीन साल. माघात ह्यांचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ उठायचा तो सकाळपर्यंत जायचा नाय. मग पोट वाढलं. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढं. डोळ्यांत पिवळी झाक आली. भजनात दोन अभंग झाले की हात खाली यायचे. गावातल्या एकानं कावीळ बोलून पाला दिला, आठ दिवस तो रस घेतला, काय फरक नाय. मग मी मुरबाडला घेऊन गेले.

मुरबाडच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरनं पोटावर मशीन फिरवलं. तोंडाकडं बघितलं पण नाय. बोलला, "लिव्हर आकसलंय. पोटात पाणी झालंय. किती पिता?"

ह्यांना कळलंच नाय. बोलले, "चार-पाच तांबे."

डॉक्टर हसला. "पाणी नाय हो, दारू. किती वर्षं पिताय?"

"दारू पीत नाय साहेब. माळकरी हाय मी."

"माळ घालून पिणारे रोज बघतो मी इथं," बोलला. "खोटं बोलून फायदा नाय. दारू बंद करा, नायतर वर्ष काढणार नाय तुमी." आणि कागदावर काहीतरी खरडून कागद माझ्या हातात दिला.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी बोलायला तोंड उघडलं तर ह्यांनी माझा हात दाबला. बाहेर आल्यावर स्टँडपर्यंत नुसते माळेचे मणी बोटांनी फिरवत राहिले.

आता दवाखान्यातली गोष्ट गावात कशी पोचते ते सांगायला नको. त्या डॉक्टरचा कंपाउंडर आमच्या शेजारच्या गावचा. आम्ही एसटीनं घरी यायच्या आधी बातमी येऊन ओट्यावर बसली होती. पाण्याला गेले तर हापशावर बायका गप्प झाल्या. जनाबाई तेवढी बोलली, "काशे, आतल्या गाठीचा गो तुझा नवरा. आमाला वाटलं देवमाणूस." मी हंडा तसाच ठेवून तिला म्हटलं, "तुझा नवरा गटारात लोळतो ते गाव बघतो, त्याचं लिव्हर कसं गो ठणठणीत?" ती बडबडत निघून गेली. पण बोलून मला बरं नाय वाटलं. कारण तोच सवाल माझ्या पण पोटात होता. पिणाऱ्यांना काय होत नाय, मग न पिणाऱ्याला का?

तिसऱ्या दिवशी काळूराम बुवा दोन माणसं घेऊन आले. बुवा म्हणजे मंडळाचे मोठे, आवाज खणखणीत, गावात शब्दाला मान. ओट्यावर बसले, पाणी घेतलं नाय. बोलले, "ज्ञानेश्वर, मंडळाचं नाव जातंय. तब्बेत सुधरेस्तोवर पखवाज देवळात राहू दे."

"बुवा, तुमी मला लहानपणापास्नं बघताय," हे बोलले.

"मी बघतोय रे. पण डॉक्टरनं लिहून दिलंय ना? शिकलेला माणूस उगाच कशाला लिहील?"

मी आतून ओरडले, "बुवा, चाळीस वर्षं डोळ्यांनी बघितलं ते खोटं, आणि पाच मिनिटांत खरडलेलं खरं का?"

"बायकांनी मधे बोलू नये," त्यातला एक बोलला. त्याला मी काय बोलले ते इथं सांगत नाय.

हे उठले. खुंटीवरचा पखवाज काढला, अंगावरच्या टॉवेलनं पुसला आणि बुवांच्या हातात दिला. मग गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. माळ कुणी मागितली नव्हती. "माझ्यापायी माळेला बट्टा नको," एवढंच बोलले. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावायला लागते म्हणून आमच्या भात खाणाऱ्या घरात गव्हाच्या पिठाची पुडी असायची. ती फळीवर तशीच पडून राहिली.

मुरबाडच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत काय उतार पडला नाय. चैत्रात आम्ही कल्याणच्या मोठ्या डॉक्टरकडं गेलो. दुसऱ्याला दाखवायचं असं मीच ठरवलं होतं. वाटलं, हा तरी नीट बघील. तासभर बाकड्यावर बसलो, नंबर आला. डॉक्टरनं पहिला हात कशाला लावला? पोटाला नाय. मुरबाडच्या कागदाला. तो वाचला आणि मान वर न करता विचारलं, "दारू सोडली का?"

आणि हे बोलले, "सोडली."

डॉक्टर बोलला, "शाबास. आता परत धरू नका." त्यानं आपल्या कागदावर पण तेच उतरवलं, गोळ्या थोड्या बदलल्या, पुढचा नंबर बोलावला. एक दवाखाना काय, दोन काय, दुसऱ्यानं पहिल्याचंच वाचून दाखवलं.

पण माझ्या डोक्यात तो एकच शब्द. सोडली. म्हणजे होती? कधी? कुठं? भजनाला जातो सांगून? अठरा वर्षांचा संसार मी एका शब्दानं उलटा-पालटा करून बघितला. दुपारी हे झोपले की मी जवळ जाऊन तोंडाचा वास घ्यायचे. खरं सांगते. भाकरी वाढणाऱ्या बाईनं नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. एक दिवस हे रानाकडं गेलेत असं बघून मी गोठ्यातला पेंढा उपसला. कौलांच्या खाली हात घातला. भाताच्या कणगीच्या मागं बघितलं. बाटली काय, बूच पण नाय.

मागं वळले तर हे गोठ्याच्या दारात उभे. काठीवर भार देऊन. किती वेळ उभे होते देव जाणे.

"सापडली का गो?" बोलले.

रागानं नाय. रागानं बोलले असते तर मी दोन शब्द परत दिले असते. मी पेंढ्यात बसून रडले. मग तेच खाली टेकले, धाप लागली होती. बोलले, "नाय पीत बोललो तर कुणी ऐकलं नाय. मला वाटलं, सोडली बोललो तर निदान तेवढ्यावर त्यांचं समाधान होईल, आणि पुढचं तपासतील. तर तेवढ्यावरच संपलं."

"आणि मी? मला तरी खरं सांगायचं!"

"तुला सांगायला लागेल असं मला वाटलं नव्हतं."

झालं. त्या दिवशी माझं रडणं संपलं ते संपलंच. त्यानंतर मी फक्त भांडले.

माझी पोरगी रेश्मा तेव्हा अकरावीला होती. तिला म्हटलं, ते दोन्ही कागद वाच. तिनं बोट ठेवून एक शब्द दाखवला. बोलली, "आई, हा दारुड्यासाठीचा शब्द हाय. दोन्ही कागदांवर पहिल्याच ओळीत." मी तो शब्द नीट बघून घेतला. मला इंग्रजी येत नाय, पण तो शब्द आता कुठंही ओळखीन.

ज्येष्ठ लागला होता. ह्यांचं पोट एवढं ताणलं की बेंबी बाहेर आली. जेवण दोन घास. कुठं जायचं नाय बोलले. "परत तेच विचारतील. मला मरण चालेल, ते नको." मी म्हटलं, "मरायचं ते मरा, पण तपासून मरा. न पिता दारुड्याच्या मौतीनं मरायला मी देणार नाय." एसटी पकडून शहापूरला माझ्या भावाकडं आलो. साईनाथ आसनगावहून पासवर रोज मुंबईला नोकरीला जायचा. त्यानं चौकशी करून ठेवली होती. एका मोठ्या सरकारी इस्पितळात मंगळवारी लिव्हरचे डॉक्टर बसतात. बोलला, "ताई, जुने कागद सगळे घे, टाइम वाचेल."

"रिपोर्ट घेतलेत," मी म्हटलं. "फोटो घेतलेत, रक्ताचे घेतलेत. ते दोन कागद घरी कणगीत भाताखाली घातलेत."

"असं नाय चालत गो, डॉक्टर रागावतील."

"रागावू देत. दोघांनी ते वाचलं आणि माणूस बघितलाच नाय. तिसऱ्याला मी वाचायला देणार नाय."

निघायच्या आधी मी पदराची गाठ सोडली. देव्हाऱ्यातली माळ बरोबर आणली होती. ह्यांच्या गळ्यात घातली. नको नको करत होते. मी म्हटलं, "गप बसा. माळ तुमची, तोंड माझं. जो विचारील त्याला मी बघते."

इस्पितळात खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "पेशंटचं नाव?" साईनाथ पुढं व्हायच्या आत मीच बोलले, मोठ्यानं, "ज्ञानेश्वर." अठरा वर्षांत पहिल्यांदा. हे माझ्याकडं बघतच राहिले. साईनाथ हसायला लागला. मला लाजायला वेळ नव्हता.

आत एक तरुण डॉक्टर होता, नवीनच असावा. दिवसभराच्या गर्दीनं वैतागलेला. त्यानं फोटो उजेडात धरला आणि पेन उघडता उघडता बोलला, "किती पितात?"

मी टेबलावर हात ठेवला. "ज्ञानेश्वर पीत नाय. आधी तसं लिहा, मग तपासा."

"बाई, आम्हाला शिकवू नका. बाजूला व्हा."

"होणार नाय. पीत नाय असं लिहा. तुमी लिहिलेलं माझा भाऊ वाचील, मग मी बाजूला होते. वाटेल तेवढा वेळ रांग थांबली तरी चालेल मला."

मागून लोक ओरडायला लागले. साईनाथ माझा पदर ओढतोय, हे खाली मान घालून बसलेत. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या मोठ्या मॅडम उठून आल्या. केस पिकलेले, आवाज हळू. काय गडबड हाय विचारलं. मी सगळं सांगितलं, मुरबाड, कल्याण, पखवाज, पेंढा पण. सगळं एका दमात. लपवलेल्या कागदांचं पण सांगितलं. म्हटलं, आता हाकलायचं तर हाकला.

मॅडमनी हाकललं नाय. ह्यांना टेबलावर झोपवलं, पोटावर बोटांनी ठोकून बघितलं, डोळे बघितले, तळहात बघितले, पाय दाबून बघितले. मग बोलल्या, "पीत नसतील तर दुसरं काहीतरी कारण असणार. ते शोधायला पाहिजे."

हे एवढं एक वाक्य. ते ऐकायला मला चार महिने लागले आणि तीन दवाखाने.

मग त्यांनी जे विचारलं ते तोवर कुणीच विचारलं नव्हतं. कधी रक्त चढवलं का? ऑपरेशन? गोंदण? घरात कुणाला कावीळ? सुया किती घेतल्या? ह्यांच्या हातातनं बाटलीभर रक्त काढायला लागेल एवढ्या तपासण्या लिहिल्या. आठवड्यानं रिपोर्ट आला. कावीळ, पण आपली साधी कावीळ नाय. ब कावीळ, डॉक्टर लोक हेपटायटिस बी म्हणतात ती. मॅडमनी समजावलं, हिचा विषाणू रक्तातून जातो, वर्षानुवर्षं गपचूप लिव्हरमधे बसतो, माणसाला पत्ता लागत नाय, आणि एक दिवस लिव्हर आकसून जातं. माझं आणि रेश्माचं रक्त तपासलं. आमचं साफ निघालं. आमाला लस टोचली.

"पण मला आलं कुठनं?" ह्यांनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाय," मॅडम बोलल्या. "पुष्कळदा एकच सुई अनेकांना वापरली की होतं."

तेव्हा मला आठवलं.

शहाण्णव सालचा सप्ता. सात दिवस अखंड भजन, आवाज बसतो, अंग गळून जातं. म्हणून आमच्या मंडळाची रीतच होती. सप्त्याच्या आदल्या दिवशी स्कूटरवर येणाऱ्या डॉक्टरला बोलवायचं आणि सगळ्यांनी ताकदीची सुई घ्यायची. तो कसला डॉक्टर होता कुणी विचारलं नाय. पुढं यायचा बंद झाला. त्या वर्षी सगळे आमच्या ओट्यावर बसले होते. स्टीलच्या डबीतली सुई उकळायला पाणी माझ्या चुलीवर ठेवलं होतं. एकदाच उकळली. चौदा माणसं ओळीनं दंड पुढं करून बसली, काळूराम बुवा पहिले, कारण मान त्यांचा. दोघांच्या मधे कापसानं पुसायचा, बस. मी सगळ्यांना चहा देत होते. आणि कुणी मागं राहिलं तर मीच हसून म्हणायचे, "घाबरतो काय रे, मुंगी चावल्यागत तर हाय."

मी मॅडमला विचारलं, "चार महिने आधी आलो असतो तर?"

मॅडमनी खोटं सांगितलं नाय. "लवकर केव्हाही बरं असतं. आकसलेलं लिव्हर पहिल्यासारखं नाय होणार. पण रोजच्या गोळीनं रोग दाबून ठेवता येतो, पाणी उतरवता येतं. आत्ता आलात, म्हणून हे करता येतंय. पुढच्या वर्षी आला असता तर मी काय बोलले असते माहीत नाय." मग माझ्याकडं बघून बोलल्या, "मीठ एकदम कमी. आणि तपासायला दर तीन महिन्यांनी. तुमी आणालच."

"फरफटत आणीन," मी म्हटलं.

गोळी सुरू झाली. पाणी उतरायला अख्खा पावसाळा गेला. लावणी मी आणि रेश्मानं मजूर घेऊन केली. अळणी भाकरी, अळणी भाजी. हे कधी तोंड वाकडं करायचे नाय, मीच करायचे, कारण मी पण तेच खायचे. श्रावणात ह्यांच्या लुंगीची गाठ परत कमरेवर आली.

गावाला वाटायला पाहिजे होतं ना, की चुकलो बाबा? छे! आता नवीन सुरू झालं. रोग पसरतो. फाट्यावरच्या टपरीत ह्यांच्यासाठी वेगळा ग्लास ठेवला. मी तो ग्लास टपरीवाल्याच्या समोर उचलला आणि पलीकडं मोरीत टाकून दिला. म्हटलं, "ग्लासानं नाय पसरत. सुईनं पसरतो. तुझा बाप पण होता त्या ओळीत, जाऊन विचार."

आणि मग एकादशीला मी देवळात गेले. भजन सुरू व्हायचं होतं. ह्यांचा पखवाज दुसराच कुणीतरी बडवत होता, ताल सोडून. मी मधोमध उभी राहिले.

बुवा बोलले, "काशीबाय, देवळात भांडण नको."

"भांडायला नाय आले. शहाण्णवच्या सप्त्यात आमच्या ओट्यावर सुई घेतली ते किती हायत इथं?"

मी एकेकाकडं बोट करून नावं घेतली. रेश्मा दारात वही घेऊन उभी होती, तिनं लिहिली. मी सांगितलं, सुई एक होती, चौदा दंड होते, पाणी मी उकळलं होतं, एकदाच. ज्याला जगायचंय त्यानं रक्त तपासून घ्यावं. आत्ता काय दुखत नाय म्हणून बसू नका, ह्यांचं पण सात वर्षं काय दुखलं नव्हतं.

"आणि निघालं तर?" मागनं एकजण बोलला. "लोक काय बोलतील?"

मी हसले. खूप दिवसांनी हसले. "काय बोलतील ते तुमाला ठाऊक हाय. तुमीच बोलला होता ना?"

त्या चौदांतले चौघं माझ्याबरोबर आले. चौघांचं साफ निघालं. बाकीचे म्हणाले, बघू. बघू म्हणजे काय ते मला कळतं.

दिवाळी झाली. भात झोडून झाला होता, मी अंगणात उन्हाला तांदूळ पाखडत होते. काळूराम बुवा फाटकाशी आले. खांद्यावर पखवाज. आत आले नाय, तिथंच उभे राहिले. चेहरा उतरलेला, सदरा ढिला झालेला. इतक्या महिन्यांत मी त्यांच्याकडं नीट बघितलंच नव्हतं.

"बसा की," मी म्हटलं, सूप न थांबवता.

"मुरबाडला गेलो होतो," बुवा बोलले. "गुपचूप गेलो. थकवा फार येतो. सोनोग्राफी केली. लिव्हर बिघडायला लागलंय म्हणतो."

"मग? काय विचारलं डॉक्टरनं?"

मला ठाऊक होतं काय विचारलं असणार. पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. हो, ऐकायचं होतं मला.

"किती पिता, विचारलं." बुवांनी पखवाज दुसऱ्या खांद्यावर घेतला. "काशीबाय, मी... माझ्या बापानं अख्ख्या पंचक्रोशीला माळा घातल्या. मी सांगितलं, नाय पीत. तो हसला. आणि लिहिलं."

आठ-नऊ महिने मी एक वाक्य जपून ठेवलं होतं. रोज पाखडताना, रोज हापशावर, मनात घोळवत होते. शिकलेला माणूस उगाच कशाला लिहील, बुवा? तेच त्यांचं वाक्य त्यांना परत द्यायचं होतं. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात हे दारात आले. गळ्यात माळ, हातात काठी नाय. बुवांकडं बघितलं, पखवाजाकडं बघितलं. मला बोलले, "फळीवरचं गव्हाचं पीठ हाय का गो अजून? का किडे पडले?"

"किडे पडले. नवीन आणलंय," मी म्हटलं. खरंच आणलं होतं, श्रावणातच.

हे पुढं झाले आणि बुवांच्या खांद्यावरचा पखवाज उतरवून घेतला. बुवा तिथंच फाटकात बसले आणि पोरासारखे रडले. मी सूप खाली ठेवलं. माझं वाक्य तसंच गिळलं, कडू लागलं. मग त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"उठा बुवा. मंगळवारी पहिली एसटी. फोटो आणि रक्ताचे रिपोर्ट घ्या. तो लिहिलेला कागद घरी ठेवा. मी येते बरोबर."

ते उठले, सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. फाटकाबाहेर दोन पावलं गेले आणि वळले. "काशीबाय, तिकडं पण तेच विचारतील ना?"

"विचारतील. कितीदा पण विचारतील," मी म्हटलं. "नाय पीत, तेच सांगायचं. कितीही हसले तरी सोडली असं बोलायचं नाय. आमच्या घरात एकानं बोलून बघितलंय."